गोल्फचा वस्ताद : थोरला टॉम मॉरिस

रंकाळावेस (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९.४०

गप्पांच्या धाग्यावर परवा गोल्फची यथेच्छ चेष्टा झाली. "काठीनं चेंडू ढकलायचा आणि मागनं गाडीत बसून जायचं, ह्याला घाम तरी येतो का" इथपर्यंत मजल गेली. तिथं उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय (गणपतीतले रस्ते) बाजूलाच राहिला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी स्वतः गोल्फ खेळत नाही, टीव्हीवर बघतो. पण ह्या खेळात एक माणूस असा होऊन गेला की त्याला कोल्हापूरच्या गंगावेस नाहीतर शाहूपुरी तालमीत आणून बसवला असता तर आठवड्याभरात पोरं त्याला वस्ताद म्हणायला लागली असती. टॉम मॉरिस त्याचं नाव. मुलगाही टॉमच, म्हणून बापाला थोरला आणि पोराला धाकटा म्हणूया.

जन्म १६ जून १८२१, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावात. बाप हातमागावरचा विणकर. चौदाव्या वर्षी पोरगा ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली उमेदवारीला लागला. रॉबर्टसन त्या काळचा सगळ्यात तयार खेळाडू, पण पोट भरायचं ते चेंडू करून. चामड्याची इवलीशी पिशवी शिवायची, त्यात टोपीभर उकडलेली पिसं ठासायची आणि तोंड बंद करायचं. वाळताना पिसं फुगतात, चामडं आवळतं, आणि चेंडू टणक होतो. चांगल्या कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चार व्हायचे. त्यामुळं महाग, आणि पावसात भिजला की टाके उसवायचे.

१८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकाचे, म्हणजे गटापर्चाचे चेंडू आले. स्वस्त, आणि ठोकून वाकडा झाला तर गरम पाण्यात टाकून परत वळता येणारा. रॉबर्टसनला त्यात धंद्याचं मरण दिसलं. टॉम तो नवा चेंडू मारताना उस्तादाला दिसला आणि दोघांचं फाटलं. १८५१ मध्ये बायको आणि तान्हं पोर घेऊन टॉम पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेला. तिथल्या नव्या क्लबनं त्याला मैदान राखायला ठेवलं. १२ होलचं (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते भोक) ते मैदान आखलंही त्यानंच.

ह्याच मैदानावर १७ ऑक्टोबर १८६० ला एक स्पर्धा झाली. आठ जण, १२ होलच्या तीन फेऱ्या, सगळं एका दिवसात. आज जिला 'द ओपन' म्हणतात तिची ही सुरुवात. विली पार्कनं १७४ फटक्यांत जिंकली, टॉम १७६. घरच्या मैदानावर दोन फटक्यांनी हरला. पुढं मात्र १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चारदा जिंकला. १८६२ ला तर तेरा फटक्यांनी. मोठ्या स्पर्धांतला हा फरक टायगर वुड्सनं २००० साली पेबल बीचवर पंधरा फटक्यांनी जिंकून मोडला, तोपर्यंत टिकला. १८६७ ला टॉम ४६ वर्षांचा होता. त्याच्याहून वयस्क विजेता ह्या स्पर्धेला आजतागायत मिळालेला नाही. बक्षीस म्हणून चांदीच्या बकलाचा तांबडा चामडी पट्टा मिळायचा, तोही वर्षभर सांभाळून परत द्यायचा.

इथपर्यंतचं कुठंही वाचायला मिळेल. मला जे सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे. टॉमच्या चार पट्ट्यांपेक्षा त्याची चाळीस वर्षांची चाकरी मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१८६५ च्या सुमारास सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं त्याला परत बोलावलं. पगार वर्षाला ५० पौंड. हत्यारं म्हणजे एक ढकलगाडी, एक कुदळ, एक फावडं. जड कामाला आठवड्यातले दोन दिवस एक गडी. मैदानाची अवस्था काय, तर काटेरी झुडपं, सशांची बिळं, आणि गावातल्या बायका गवतावर कपडे वाळत घालणार. त्यानं झुडपं हटवून वाट रुंद केली. तोवर एक होल संपला की तिथूनच, होलापासून चार पावलांवर, पुढचा फटका मारायचे. त्यामुळं होलाभोवतीची हिरवळ, म्हणजे ग्रीन, पार उखडलेली असायची. टॉमनं फटका मारायच्या जागा वेगळ्या काढल्या. शेवटच्या, १८ व्या होलचं ग्रीन नवीन बांधलं. आणि वाळू. ढकलगाडीतली वाळू चुकून एका ग्रीनवर सांडली, थोड्या दिवसांनी तिथलंच गवत जोमात आलं, ते त्यानं हेरलं, अशी गोष्ट सांगतात. पुढं सगळ्या ग्रीनवर तो वाळूचा हात फिरवायला लागला, आणि आज जगभर तेच करतात.

रविवारी तो कुणाला खेळू द्यायचा नाही. तुम्हाला विश्रांती नको असेल, मैदानाला पाहिजे, असं म्हणायचा म्हणे. लेक डंडीला शिकायला होती तेव्हा आम्ही दोघं सेंट अँड्र्यूजला गेलो, तो नेमका रविवार. गोल्फ बंद, आणि लोक कुत्री घेऊन खुशाल मैदानातून फिरतायत. आमच्या सौ.चा प्रश्न, "एवढं जगात गाजलेलं मैदान आणि कुणीबी चालतंय?" चालतंय. आम्हीपण चाललो, स्विल्कन ओढ्यावरच्या त्या दगडी पुलावरनं पार १८ व्या ग्रीनपर्यंत. सकाळी चांगला पाऊस झाला होता, तरी बुटाला चिखल नाही. ग्रीनच्या कडेला रस्ता, रस्त्यापलीकडं टॉमचं दुकान, अजून आहे. त्या होलला नावच 'टॉम मॉरिस' आहे.

१९०२ ला शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, तेव्हा हा गडी ८१ वर्षांचा आणि अजून कामावर. १९०३ ला निवृत्त झाला. २४ मे १९०८ ला वारला, तोही आजारानं नाही. गावातल्या क्लबात चुकीचं दार उघडलं आणि तळघराच्या जिन्यावरनं कोसळला.

---

पेठेतला_दहानंबर | रविवार, रात्री १०.०५

एक नंबर काका. पण गंगावेशीत बसवला असता म्हणताय, त्याच्या खुराकाचं काय? स्कॉटलंडचा माणूस, थंडाई पचली असती का?

---

वाचनमात्र | रविवार, रात्री १०.३१

वाचतोय. १८ होल त्यानंच ठरवले ना?

---

रंकाळावेस | रविवार, रात्री १०.४४

@वाचनमात्र, नाही. सेंट अँड्र्यूजला आधी २२ होल धरायचे, ते १७६४ ला १८ केले. टॉमचा जन्म व्हायला तेव्हा अजून अर्धशतक बाकी होतं. त्याचं स्वतःचं प्रेस्टविक तर १२ चं होतं. सेंट अँड्र्यूजचं बघून बाकीचे हळूहळू १८ वर आले.

@दहानंबर, मटण-भाकरी पचली असती, पैज लावतो.

---

उसकरी_शिरोळ | सोमवार, सकाळी ६.१२

झकास लिहिलंय. मला खेळातलं काय कळत नाही, मातीतलं थोडं कळतंय. म्हाताऱ्यानं वाळू टाकली म्हणजे नेमकं काय केलं ते सांगतो.

गवत रोज पायाखाली तुडवलं की वरची दोन-तीन बोटं माती घट्ट बसती. हवा खाली जात नाही, पाणी वरच थांबतं, मग मुळं पण वरच राहत्यात. त्यात जुन्या गवताचा कुजका थर साचत जातो. बारीक वाळूचा पातळ हात मारला की ती गवताच्या बुडाशी उतरती, तो थर मोकळा होतो, खळगं भरतं, आणि गाडल्या गेलेल्या पेरांना नवं फुटवं येत्यात. एकदम जाड टाकली तर गवत गुदमरून मरंल. थोडी थोडी, वर्षानुवर्षं टाकत राहायची. समुद्र शेजारी, त्यामुळं वाळू त्याला आयती मिळाली. बुटाला चिखल लागला नाही म्हणताय, ते ह्यामुळंच.

आमच्याकडं सगळं उलटं. काळी रानं, उसाला पाणी भरमसाट, निचऱ्याचा पत्ता नाही. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली ती अशी. आता जमिनीखालनं भोकाच्या पाइपा घालून तेच पाणी बाहेर काढतोय. बापजाद्यांनी पाणी द्यायला शिकवलं, काढायला कुणी शिकवलं नाही.

आणि एक गंमत. गरम मुलखातल्या गोल्फच्या मैदानावर बर्म्युडा म्हणून जे गवत लावत्यात, ती आपली हराळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, तीच जात. आमच्या बाचा सगळा जन्म हराळी खणण्यात गेला. एक मुळी राहिली तर पुन्हा रानभर होईल म्हणून बांधावर वाळवून जाळायचा. आणि ही माणसं पगारी गडी ठेवून तिला रोज भांग पाडत्यात!

---

पेठेतला_दहानंबर | सोमवार, सकाळी ८.५०

हराळीला भांग! मेलो. काका, तुमचा बा गोल्फवाल्यांना सापडायला नको होता, नाहीतर हराळी-हत्येचा खटला भरला असता त्यांनी.

---

सुमेधा_क | सोमवार, दुपारी १.२०

लेख आवडला. पण धाकट्या टॉमचं दोन ओळींतही काही नाही? तान्हं पोर म्हणून येतो आणि गायबच होतो. त्याचं पुढं काय झालं?

---

रंकाळावेस | सोमवार, रात्री ९.१५

सुमेधाताई, ते मुद्दाम टाळलं होतं, कारण त्यावरच सगळा धागा गेला असता. विचारलंत तर सांगतो.

पोरगा बापाच्या वरचढ निघाला. १८६८ ला, म्हणजे बापाच्या शेवटच्या विजयानंतरच्याच वर्षी, सतराव्या वर्षी ओपन जिंकली. १८६९ ला पोरगा पहिला आणि बाप दुसरा. १८७० ला सलग तिसऱ्यांदा जिंकला, आणि नियमाप्रमाणं पट्टा कायमचा त्याच्या घरी गेला. पुढच्या वर्षी द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून १८७१ ला स्पर्धाच झाली नाही. १८७२ ला परत सुरू केली, तीही ह्यानंच जिंकली. आजच्या त्या चांदीच्या सुरईवर पहिलं नाव त्याचं आहे.

सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंविरुद्ध पैजेचा सामना खेळायला गेले होते. तिथं तार आली की सुनेचं बाळंतपण अवघड झालंय, निघून या. गाडीनं मोठा वळसा पडला असता, म्हणून कुणीतरी आपली नाव दिली आणि खाडी ओलांडून ते निघाले. पोचेपर्यंत बाळ-बाळंतीण दोघंही गेली होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी धाकटा टॉमही गेला. वय २४. कॅथेड्रलच्या आवारात त्याचं स्मारक आहे. टोपी घातलेला, फटका मारायच्या पवित्र्यातला. साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून उभारलंय.

थोरला त्याच्यानंतर ३२ वर्षं जगला आणि मैदानावर काम करत राहिला. बायको धाकट्याच्या पाठोपाठच गेली, बाकीची मुलंही त्याच्या डोळ्यांदेखत गेली. ह्यावर मी काही भाष्य करणार नाही.

---

सुमेधा_क | सोमवार, रात्री ९.५८

बाप रे. धन्यवाद.

---

खासबाग | मंगळवार, सकाळी ११.०२

धागा चांगला आहे, पण पाक जरा जास्त झालाय, म्हणून थोडं कडू बोलतो.

५० पौंड पगार, एक फावडं, एक ढकलगाडी, आणि ह्याला आपण सेवा म्हणून हार घालतोय. त्याच काळात साहेब लोक ह्याच खेळाडूंच्या सामन्यांवर शेकडो पौंड लावायचे. जिंकला तर मर्जीनुसार काहीतरी हातावर ठेवायचे. ज्या क्लबची त्यानं एवढी वर्षं चाकरी केली, तिथं पेशेवर खेळाडू सभासद होऊ शकत नव्हता. सर जॉर्ज रीडकडून त्याचं तैलचित्र काढून घेऊन क्लबात टांगलं. फोटो आत, माणूस बाहेर.

आणि हे त्याच्यापुरतं नाही. १९०१ ला इंग्लंडात गोल्फच्या प्रो, म्हणजे पेशेवर, लोकांनी संघटना काढली, जे. एच. टेलर पुढारी. का काढली? क्लबातली दुकानं प्रो लोकांच्या हातून काढून क्लब आपल्या ताब्यात घ्यायला लागले होते. चेंडू-काठ्या विकून जे चार पैसे मिळायचे तेही जायची वेळ आली, तेव्हा एकत्र आले. १९२० ला अमेरिकेचा वॉल्टर हेगन ओपन खेळायला इंग्लंडातल्या डील गावी आला, तर त्याला क्लबात कपडे बदलायची मुभा नाही. मग गड्यानं दारासमोर आलिशान मोटार उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबनं मात्र प्रो लोकांना दार उघडलं.

वस्ताद म्हणताय ना? मग आपल्या वस्तादांचं बघा. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग कुस्ती मैदान बांधलं, पैलवानांना दरबारातनं खुराक लावला. महाराज १९२२ ला गेले, पुढं संस्थानं विलीन झाली, आणि तालमी वर्गणीवर आल्या. १९५२ ला खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कुठून आले? राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. पदक देशाचं, घर खर्डेकरांचं! सेवेचं कौतुक करताना पगारपत्रकही बघत जाऊया, एवढंच.

---

रंकाळावेस | मंगळवार, रात्री ९.३०

खासबागराव, पगारपत्रक मी दडवलेलं नाही, आकडा मीच लिहिलाय. पण तुमच्या चित्रातला टॉम बिचारा वाटतो, आणि तो तसा नव्हता. १८ व्या ग्रीनशेजारचं घर-दुकान त्याच्या मालकीचं होतं. तिथं काठ्या आणि चेंडू व्हायचे, हाताखाली कारागीर होते. बाहेरगावी मैदान आखून द्यायला जायचा ते दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च ठरवून. आयर्लंडमधलं रॉयल काउंटी डाउन, लाहिंच, स्कॉटलंडमधलं डॉर्नोक, १८९१ चं म्युरफील्ड, ह्या सगळ्यांना त्याचा हात लागलेला आहे. दिवसाला एक पौंड कमीच, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

दुसरं, ज्या जमिनीवर तो राबला ती क्लबची नव्हती. ससे पाळणाऱ्यांच्या हातून ते माळरान १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदारानं गोल्फसाठी विकत घेतलं, योगायोगानं टॉमच्या जन्माचंच साल. १८९४ ला कायदा होऊन ते गावाकडं आलं. आजही ते सार्वजनिक मैदान आहे, रोज चिठ्ठ्या टाकून बाहेरच्यांनाही खेळायला मिळतं. विणकराचा पोरगा चॅम्पियन होऊ शकला तो मैदानाला कुंपण नव्हतं म्हणून. "श्रीमंतांचा खेळ" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

---

खासबाग | मंगळवार, रात्री १०.१०

तिथं कुंपण नव्हतं, मान्य. इथं आहे. आपल्याकडं गोल्फ क्लबाच्या फाटकावर वॉचमन पहिल्यांदा पायातलं बघतो.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४.१५

दोघांचंही पटतं, म्हणून कुणाच्याच बाजूनं लिहीत नाही. मास्तर असल्यामुळं मला शिकवणाऱ्या माणसाबद्दल उत्सुकता. टॉम मुख्यतः माती राखणारा. निव्वळ शिकवणारा प्रो बघायचा असेल तर टेक्सासचा हार्वे पेनिक.

जन्म १९०४. आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबात कॅडी (खेळाडूच्या काठ्या वाहणारा) म्हणून लागला, १९२३ ला तिथलाच हेड प्रो झाला, आणि १९७१ पर्यंत तिथंच. तरुणपणी त्याला स्पर्धा खेळायच्या होत्या. एकदा सॅम स्नीड ह्या नामी खेळाडूचा फटका कानावर पडला, नुसता त्या फटक्याचा आवाज, आणि पेनिकनं ठरवलं की आपली जागा शिकवण्यात आहे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. शाळेत असे किती जण बघितलेत, जे मनातून अजून खेळाडूच असतात आणि पोरांवर राग काढतात.

बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे दोघं लहानपणापासून त्याच्याकडं. एकाला शिकवताना तो दुसऱ्याला जवळ थांबू द्यायचा नाही. काइट घोटून घोटून करणारा, क्रेनशॉ उपजत हाताचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं. काइट १९९२ ला यूएस ओपन जिंकला. बायकांच्या गोल्फमध्ये ८८ स्पर्धा जिंकणारी कॅथी व्हिटवर्थही त्याचीच शिष्या. २ एप्रिल १९९५ ला पेनिक गेला. मास्टर्स स्पर्धा त्याच आठवड्यात. क्रेनशॉ आणि काइट बुधवारी ऑस्टिनला जाऊन गुरूला खांदा देऊन आले आणि गुरुवारी मास्टर्सच्या मैदानावर, ऑगस्टा गावात, खेळायला उभे राहिले. रविवारी क्रेनशॉ जिंकला, ४३ व्या वर्षी. शेवटचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) होलात पडल्यावर तो कमरेत वाकून रडायलाच लागला. ते चित्रण मिळालं तर जरूर बघा.

---

पेठेतला_दहानंबर | बुधवार, संध्याकाळी ६.००

मास्तर, असा वेगळा वेगळा शिकवणारा कोच आमच्या पेठेला मिळाला असता तर गेल्या सीझनला शाहू स्टेडियमवर... जाऊ दे.

---

संपादक | बुधवार, संध्याकाळी ६.२०

फुटबॉलचं अवांतर त्याच्या धाग्यावर न्यावं. हंगाम सुरू झाला की तो धागा असाही पेटतो.

---

हिरवळवाला | बुधवार, रात्री ११.४५

पहिल्यांदाच लिहितोय इथं, सांभाळून घ्या. मूळ गाव कागल तालुक्यात, सध्या पुण्यात एका क्लबवर शिकवतो. सुरुवात कॅडी म्हणून. खासबाग साहेबांनी फाटकावरचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी पहिली दोन वर्षं मागच्या दारानंच आत गेलोय.

पण आत गेल्यावर काय असतं ते पण सांगतो. पहाटे अंधारातच ग्रीनवर माणसं असतात. आधी लांब लवचिक काठी ग्रीनवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवून दव झाडायचं. दव राहिलं तर गवताला बुरशी धरते आणि यंत्राची कापणी ओढली जाते. मग होल बदलायचा. एकाच जागी ठेवला तर भोवतीचं गवत माणसांच्या पायानं मरतं. गोल पात्याचं हत्यार असतं, दोन हातांचा दांडा, ते उभं दाबून फिरवायचं आणि मातीचा गवतासकट गट्टू अख्खा उचलायचा. तोंड सव्वाचार इंच, जगभर हेच माप, १८९१ पासून. मग तो गट्टू जुन्या भोकात बसवायचा. तो केसभरही वर राहिला तर यंत्र त्याचं टक्कल करतं, खाली राहिला तर चेंडू उडतो. पायानं दाबायचा नाही, हातानं. पाणी घालायचं, कडेनं बोटं फिरवायची. बसलेल्या गट्टूची जागा दुसऱ्या दिवशी शोधून सापडली नाही तर काम चांगलं. माझ्या गुरूंनी मला आधी हे शिकवलं, स्विंग नंतर. ते म्हणायचे, ग्रीन कसं तयार होतं ते हाताला कळलं की चेंडू कुठं वळणार ते डोळ्याला कळतं.

आपल्याकडचे मोठे प्रो ह्याच वाटेनं आलेत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, १९९१ ला तिथंच इंडियन ओपन जिंकला, जिंकणारा पहिला भारतीय प्रो. त्याच्या आधी १९६५ ला बिलू सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. अली शेरनं १९९३ ला परत जिंकली. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, म्हणजे मैदान राखणारे. हा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथंच बघून बघून शिकला, २००८ ला दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, २०१६ आणि २०१७ ला सलग इंडियन ओपन, मधल्या काळात रिओ ऑलिंपिकलाही गेला. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळला.

पगाराचं म्हणाल तर माझे गुरू ज्या क्लबवर आयुष्यभर होते तिथं त्यांना निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्याच आठवड्यात त्यांची सकाळची शिकवणीची वेळ दुसऱ्याच्या नावावर. क्लबचं नाव घेत नाही. ते मात्र अजून येतात, सरावाच्या रेंजच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, आणि माझ्या पोरांच्या ग्रिपला नावं ठेवतात. बहुतेक वेळा बरोबर असतात, हीच अडचण आहे.

---

खासबाग | गुरुवार, सकाळी ९.४०

हिरवळवाले, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. तुमच्या गुरूंची शिकवणी क्लबनं काढून घेतली आणि १९०१ ला टेलर ज्यासाठी भांडला, ते वेगळं कुठं आहे?

---

हिरवळवाला | गुरुवार, दुपारी २.१५

वेगळं नाही साहेब. एवढंच, की आता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असतं, त्यामुळं एका क्लबनं काढलं तर दुसरीकडं जाता येतं. गुरूंकडं कागद नव्हता.

---

उसकरी_शिरोळ | गुरुवार, रात्री ८.३०

हिरवळवाले दादा, एक विचारतो. पुतण्यानं कृषी पदविका केलीय. एक एकर क्षारपड रानावर त्याची आणि भावाची रोज भांडणं. गवत-माती-पाणी ह्यात डोकं चालतंय त्याचं. त्या मैदान राखायच्या कामात अशा पोराला जागा असती का? गोल्फची काठी त्यानं कधी हातात धरलेली नाही.

---

हिरवळवाला | गुरुवार, रात्री ११.१०

काका, काठी धरली नसली तरी चालतं. उलट क्षारपड जमीन बघितलेला पोरगा आम्हाला पाहिजेच. बऱ्याच मैदानांवर सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला देतात, त्यात क्षार असतात, आणि हिरवळ पिवळी का पडतेय ते अर्ध्या लोकांना कळत नाही. सुरुवातीला पगार जेमतेम, हे आधीच सांगतो. राहायची सोय होते की नाही ते क्लबप्रमाणं बदलतं, लेखी घ्यायला लावा. पहिले सहा महिने यंत्रावर बसायला मागू नये, होल बदलायचं काम मागावं.

आणि दिवाळीनंतर नको, जुलैमध्येच पाठवा. पाणी कुठल्या ग्रीनवर थांबतंय आणि कुठल्या नाही, ते पावसातच दिसतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यात फोन नंबर देतो.

---

उसकरी_शिरोळ | शुक्रवार, सकाळी ६.०५

व्यनि मिळाला. पुतण्या म्हणतोय, हराळी वाढवायची नोकरी आहे हे आज्ज्याला सांगू नका.